गाणे पाठवण्याआधी ताईला भेटा

वाचकाचे पत्र, संक्षेपाने:

"मी तेवीस वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये गातो. घर सांगलीला आहे. माझी मोठी ताई लग्नानंतर नाशिकला असते. तिला अडीच वर्षांची मुलगी आहे. भाऊबीजेला ताईच्या दंडावर वळ दिसले, तेव्हा 'बाथरूममध्ये पाय घसरला' असे ती म्हणाली. नंतर एकदा फोनवर तिने सांगितले, की दाजी मारतात, आणि आई-बाबांना कळवायचे नाही अशी शपथ घातली. त्यानंतर मी दोनदा विषय काढला, तर 'आता सगळे ठीक आहे' एवढे बोलून तिने फोन ठेवला. मला नीट बोलता येत नाही, गाता येते. म्हणून अशा स्त्रियांच्या यातनांवरच्या रॉक बॅलड, म्हणजे संथ, भावपूर्ण रॉक गाणी, निवडून तिला व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात असे मनात आहे. यादी सोबत जोडली आहे. जानेवारीतल्या गॅदरिंगला तिला बोलावून पर्ल जॅम या अमेरिकन बँडचे 'बेटर मॅन' तिचे नाव घेऊन म्हणावे, असेही वाटते. मित्र विचारतो, एवढे होऊनही ती तिथेच राहत असेल तर आपण काय करणार? कधी वाटते, सरळ नाशिकला जाऊन दाजींना बदडून काढावे. मी काय करू?"

प्रिय वाचक,

सप्रेम नमस्कार. प्लेलिस्ट पाठवू नका, हे सर्वांत आधी सांगते, कारण ती तुमच्या हातून आज संध्याकाळीही पाठवली जाऊ शकते. तुम्ही विषय काढल्यावर ताईने ज्या दोन वेळा घाईने फोन ठेवला, त्या वेळी तिच्याजवळ कोण बसले होते हे तुम्हाला माहीत नाही. बायकोवर हात उगारणारा पुरुष पुष्कळदा तिच्या फोनवरही लक्ष ठेवतो; कोणाचा फोन आला, ती किती वेळ बोलली, कोणते संदेश पुसून टाकले, याची तो झडती घेतो. मार खाणाऱ्या स्त्रियांची गाणी ओळीने तिच्या व्हॉट्सॲपवर आलेली त्याने पाहिली, तर त्याला एकही कडवे ऐकावे लागणार नाही. तिने घरातली गोष्ट माहेरी सांगितली एवढे त्याला उमजेल आणि त्याचा जाब तुम्हाला नव्हे, तिला द्यावा लागेल.

तुमच्या यादीत द पोलीस या ब्रिटिश बँडचे १९८३ सालचे 'एव्हरी ब्रेथ यू टेक' आहे, ते याच संदर्भात पुन्हा एकदा ऐका. इतकी हळुवार चाल, की जगभर लोक ते लग्नसमारंभात वाजवतात. ज्याने ते लिहिले त्या स्टिंगने मात्र ते पाळतीचे आणि ताब्यात ठेवण्याचे गाणे असल्याचे मुलाखतींमधून सांगितले आहे. गाणारा पुरुष तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून आहे आणि तिच्यावर आपलाच हक्क आहे असे धरून चालला आहे. कानाला प्रेम वाटावे आणि शब्दांत पहारा असावा, हे ताईच्या घरातही घडत असण्याची शक्यता आहे. बाहेरच्यांना 'किती काळजी घेतो तिची, दर तासाला फोन करतो' असे दिसत असेल, आणि त्या दर तासाच्या फोनला तिच्या छातीत धडकी भरत असेल.

आता 'बेटर मॅन'बद्दल, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जास्त जीव त्या गाण्यात आहे. पर्ल जॅमच्या १९९४ सालच्या 'व्हायटॉलॉजी' या अल्बममध्ये ते आले, पण गायक एडी व्हेडरने ते बँड स्थापन होण्याच्या पुष्कळ आधी, शाळकरी वयात लिहिले होते. आपल्या आईशी ज्या माणसाने लग्न केले त्याच्याशी या गाण्याचा संबंध त्याने नंतर मंचावरून जोडून दाखवला. म्हणजे हे गाणे एका मुलाने आपल्या घरातल्या बाईकडे पाहत लिहिले आहे, आणि म्हणूनच ते तुमच्या काळजाला भिडले असावे. त्यात मारहाणीचे वर्णन कोठेही नाही. एक स्त्री पहाटेपर्यंत कोणाची तरी वाट पाहत जागी आहे. त्याला काय सांगायचे ते वाक्य ती मनाशी घोकते आहे. आणि दार उघडताच कूस बदलून झोपेचे सोंग घेते. त्याच्यावर आपले प्रेम आहे असे ती सांगते, ते खोटे आहे हे तिलाही ठाऊक आहे, आणि याहून चांगला माणूस आपल्याला मिळणार नाही असे ती स्वतःला बजावते.

घोकलेले आणि न बोललेले ते वाक्य, हा माझ्या मते या गाण्याचा गाभा आहे. तुमच्या ताईनेही ते अनेकदा घोकले असेल, आणि एकदा ती ते प्रत्यक्ष बोलली. नवऱ्यापुढे नव्हे, तुमच्यापुढे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच पाहणीत असेही दिसले, की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्केच कोणाकडे तरी मदत मागतात; बहुसंख्य जणी कोणाजवळ चकार शब्दही काढत नाहीत. ज्या मदत मागतात त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणी माहेरच्याच माणसांकडे वळतात. ताईने तुम्हाला सांगितले ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक पावलाची कसोटी एकच असायला हवी: यानंतर ती आपल्याला पुन्हा काही सांगू शकेल का?

तुमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. जग टीना टर्नर या नावाने जिला ओळखते त्या अमेरिकन गायिकेचे उदाहरण घ्या. तिच्या बँडचा प्रमुख आइक टर्नर याच्याशी तिचे लग्न १९६२ मध्ये झाले आणि ती त्याच्यापासून निघाली जुलै १९७६ मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत ती हजारो लोकांसमोर गात-नाचत होती आणि प्रेक्षकांना पडद्यामागचे काही कळत नव्हते. डॅलसमध्ये विमानतळावरून हॉटेलकडे जाताना गाडीत त्याने तिला मारले. तो झोपल्यावर ती बाहेर पडली आणि धावत महामार्ग ओलांडून दुसऱ्या हॉटेलच्या दारात उभी राहिली. तिच्याजवळ ३६ सेंट आणि पेट्रोल पंपावर चालणारे एक कार्ड होते. पुढे १९७८ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा तिने आपले रंगमंचावरचे नाव राखले आणि बाकी जवळपास सगळे सोडून दिले. रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणी मात्र तिच्या माथी आली. 'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले ते १९८४ मध्ये, म्हणजे घर सोडल्यानंतर आठ वर्षांनी. प्रसिद्धी, कला, कमाई असलेल्या स्त्रीला निघायला चौदा वर्षे लागली आणि नंतर सावरायलाही आठ वर्षे लागली. ताईजवळ अडीच वर्षांची मुलगी आहे, स्वतःची मिळकत आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माहेरचे दार आपल्यासाठी किती उघडे आहे याची खात्री तिला बहुधा नाही. असती, तर तिने शपथ घातली नसती.

शिवाय निघण्याचा काळ हा सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळे सांगतात. ताबा सुटतो आहे असे दिसताच मारणारा अधिक चवताळतो. त्यामुळे 'सोडून का देत नाही' असे म्हणणाऱ्याने आधी हे पाहायला हवे, की सोडल्यावर त्या रात्री ती कोठे झोपेल आणि दुसऱ्या दिवशी दारात कोण येऊन उभे राहील. राहण्यामागे दुसरेही एक कारण असते, ते बोलायला अवघड आहे. १९६२ मध्ये द क्रिस्टल्स या अमेरिकन गटाने गायलेल्या एका गाण्यात, प्रियकराने मारले आणि त्यातच त्याचे प्रेम कळले, असे एक मुलगी सांगते. ते गेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या जोडप्याने लिहिले, आणि त्यामागे त्यांच्या मुलांना सांभाळणाऱ्या तरुणीने स्वतःच्या प्रियकराबद्दल अगदी मनापासून सांगितलेली हीच समजूत होती. लोकांनी आक्षेप घेतला, तिथल्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवणे थांबवले. अशी समजूत मूर्खपणातून येत नाही. मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी रडतो, माफी मागतो, मुलीसाठी खेळणे आणतो. आणि जिला त्याच छपराखाली राहायचे आहे, तिला त्या दुसऱ्या दिवसावर विश्वास ठेवावासा वाटतो. ताई उद्या दाजींची बाजू घेऊन बोलली, तर दुखावून जाऊ नका आणि तिच्याशी वादही घालू नका.

तुमच्या रागाविषयी लिहिते. भावाला असा राग येणे स्वाभाविक आहे आणि तो यायलाच हवा. तुमच्या यादीतली दोन गाणी त्या रागाची आहेत. निकेलबॅक या कॅनडातल्या बँडचे 'नेव्हर अगेन' हे २००१ च्या 'सिल्व्हर साइड अप' अल्बममधले गाणे. त्यात शेवटी बाई बंदूक उचलते. मार्टिना मॅकब्राइडने १९९४ मध्ये लोकप्रिय केलेले 'इंडिपेन्डन्स डे' हे ग्रेचेन पीटर्सने लिहिलेले गाणे खरे म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीताच्या परंपरेतले. त्यात मारकुट्या नवऱ्याचे घर बाई पेटवून देते. दोन्हींत दडपलेला संताप एकदम मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याला हायसे वाटते, हे मी नाकारत नाही. पण या दोन्ही गाण्यांत गोष्ट सांगणारे मूल आहे, तिकडे लक्ष द्या. एकात ते दाराआडून बाप आईला मारताना ऐकते. दुसऱ्यात चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेला गेलेली आठ वर्षांची मुलगी परत येते ती जळत्या घरापाशी, आणि तिला सरकारी आश्रयगृहात नेऊन ठेवतात. गाणे संपते, त्या मुलीचे पुढचे आयुष्य मात्र कोणी गात नाही. तुमची भाची आज बोबडे बोलत असली तरी घरात काय चालले आहे ते तिला समजते. तुम्ही दाजींना बदडून परत पुण्याला आलात, तर त्या रात्री त्या घरात ती आणि तिची आई दोघीच उरतील. वर गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल आणि ताईच्या खऱ्या तक्रारीचे वजन कमी होईल ते वेगळेच.

'इंडिपेन्डन्स डे'मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती आतषबाजीत हरवून जाते. त्या गावातल्या लोकांना सगळे दिसत होते. ते कुजबुजत होते आणि तोंड फिरवत होते.

तुमच्या यादीत एक गाणे तळाशी आहे, ते मी सर्वांत वर ठेवले असते. अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनच्या १९८८ सालच्या पहिल्या अल्बममधले 'बिहाइंड द वॉल'. काटेकोरपणे पाहिले तर ती रॉक बॅलड नव्हे. चॅपमनचा पिंड लोकसंगीताचा, आणि या गाण्यात तर एकही वाद्य नाही. दोन मिनिटांहूनही छोटे आहे. भिंतीपलीकडून रात्री किंकाळ्या ऐकू येतात, ऐकणारी व्यक्ती पोलिसांना बोलावते; पोलीस उशिरा येतात, कधी येतच नाहीत, आणि आले तर नवरा-बायकोच्या भांडणात आपल्याला पडता येत नाही असे सांगतात. मग एके रात्री किंकाळी येते, आणि तिच्यामागून शांतता. सगळ्या यादीत हे एकच गाणे असे आहे, की ज्यात गाणारी व्यक्ती ना मार खाणारी आहे, ना तिचे मूल, ना सूड घेणारी. ती शेजारी आहे, तिला ऐकू येते आहे, आणि काय करावे हे तिला कळत नाही. तुम्ही आज नेमके त्याच जागी आहात. म्हणून म्हणते, ही गाणी ताईला पाठवण्यापेक्षा तुम्ही ऐकावीत. तिला तिच्या घरात काय चालले आहे हे सांगण्यासाठी गाण्याची गरज नाही. भिंतीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ते सांगावे लागते.

त्या गाण्यातल्या पोलिसाचे उत्तर कवीकल्पना नव्हते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या टॉरिंग्टन शहराविरुद्धच्या खटल्यात १९८४ मध्ये न्यायालयाला स्पष्ट म्हणावे लागले, की मारणारा नवरा आहे एवढ्या कारणाने पोलीस स्त्रीला संरक्षण नाकारू शकत नाहीत. आणि स्त्रियांवरील हिंसेबाबतचा तिथला केंद्रीय कायदा आला तो 'बेटर मॅन' ज्या वर्षी आले त्याच १९९४ मध्ये. आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याचे चौथे कलम भिंतीच्या अलीकडच्या माणसासाठीच आहे. हिंसा होत आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. २००८ मध्ये ब्रेकथ्रू या संस्थेने 'बेल बजाओ' ही मोहीम काढली, तीही याच जागी उभ्या असलेल्या पुरुषांना उद्देशून होती: शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, तर जाऊन दाराची घंटा वाजवा, दूध मागा, चेंडू मागा, काहीही मागा, पण आपल्याला ऐकू येते हे मारणाऱ्याला कळू द्या.

आणि आपल्या स्वतःच्या परंपरेत हे दुःख गायले गेलेले नाही असे समजू नका. सतराव्या शतकात शिऊरच्या संत बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याने केलेली मारहाण सांगितली आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवाशिणीने आपला जाच सांगितला, तो पुष्कळदा भावाला उद्देशून. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. ओवीतली बहीण भावाकडून गाणे मागत नाही. तो मुराळी होऊन दारात यावा आणि आपल्याला चार दिवस माहेरी न्यावे, एवढीच तिची मागणी असते.

तुम्हीही तेच करा. संक्रांत जवळ आली आहे आणि भाची पाच वर्षांच्या आतली आहे. तिचे बोरन्हाण आजोळी करायचे आहे असे आईला दाजींशी बोलायला लावा आणि घ्यायला तुम्ही स्वतः जा. या निमंत्रणात कोणाला संशय येण्यासारखे काही नाही. सांगलीला आल्यावर घाई करू नका. पहिल्याच रात्री प्रश्नांची सरबत्ती नको. ती एकटी असताना, मुलगी झोपलेली असताना, एवढे सांगा, की तू सांगितलेले मी विसरलेलो नाही, मी ते खरे मानतो, यात तुझा दोष नाही, आणि तू जे ठरवशील त्यात मी तुझ्याबरोबर आहे. नीट बोलता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे. याहून जास्त बोलण्याची गरजही नाही. ती गप्प राहिली तर गप्प बसू द्या.

ती बोलू लागली, तर काही गोष्टी तिच्या हातात द्यायला हव्यात, आणि त्या आधीच माहीत करून घ्या. तक्रार म्हणजे थेट घटस्फोट आणि थेट तुरुंग, ही समजूत पुष्कळ जणींना गप्प ठेवते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ती लग्न न मोडताही संरक्षण मागू शकते, राहत्या घरात राहण्याचा आदेश मागू शकते, स्वतःचा आणि मुलीचा खर्च मागू शकते. शिवीगाळ, अपमान, पैसे अडवणे हेही त्या कायद्यात हिंसेतच मोडते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी असा अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला खरे सांगा, पण अंतरिम आदेश आधी मिळू शकतो हेही सांगा. फौजदारी मार्ग वेगळा आहे. नवरा वा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाबद्दलचे भारतीय दंड संहितेतले पूर्वीचे ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे. तिला वकील परवडतो की नाही याची चिंता नको, कारण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १८१ या क्रमांकावर महिला हेल्पलाइन आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये समुपदेशन, वैद्यकीय मदत आणि काही दिवसांचा निवारा मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेले महिला आणि बालकांसाठीचे विशेष कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारात काम करतात. हे सगळे कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवू नका. १८१ तर तिच्या लक्षातच राहील.

तिचे आणि मुलीचे आधार कार्ड, जन्मदाखला, बँकेचे पासबुक, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती सांगलीला राहू द्या. पुढे कधी दुखापत झाली आणि ती डॉक्टरांकडे गेली, तर कारण खरे सांगायला हवे. बाथरूममध्ये पाय घसरल्याची नोंद नंतर तिच्याच विरुद्ध जाते.

शपथेचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. तिच्या पाठीमागे ती मोडू नका. आई-बाबांना सांगण्याची परवानगी तिच्याचकडे मागा, आणि मागताना सांगा, की त्यांना समजावण्याचे काम माझे. ते काम सोपे नाही. 'दिल्या घरी सुखी राहा' असे म्हणून मुलगी पाठवलेल्या आई-वडिलांच्या तोंडी 'थोडे सांभाळून घे' हे वाक्य आपोआप येते आणि ते प्रेमापोटीच येते. पण ते ऐकून परत गेलेली मुलगी पुन्हा काही सांगत नाही. तिला माहेरी नुसती सहानुभूती नको, खोली हवी आहे. किती दिवस राहणार असे कोणी विचारणार नाही अशी खोली. ती खोली आहे हे बाबांनी स्वतःच्या तोंडाने तिला सांगितले, तर 'बेटर मॅन'मधल्या बाईला जे कोणीच देत नाही ते तिला मिळेल. शपथेला अपवाद एकच: त्याने तिचा गळा दाबला असेल, जिवे मारण्याची धमकी दिली असेल, किंवा मुलीवर हात टाकला असेल, तर परवानगीची वाट पाहू नका.

आता गॅदरिंग. तिचे नाव घेऊन गाणे अर्पण करू नका. त्या प्रेक्षकांत कोणाचा तरी फोन चित्रण करत असेल आणि ते नाशिकला पोहोचायला एक रात्र पुरेल. शिवाय आपले दुःख कोणी, कोठे, कोणासमोर मांडावे हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, भावाचे प्रेम कितीही खरे असले तरी. पुरुषाने हे गाऊ नये असे मला मुळीच वाटत नाही. व्हेडरने गायले, आणि पुरुषांच्या तोंडून हे ऐकणे पुरुषांसाठी गरजेचे आहे. नाव न घेता गाणार असाल तर गा. फक्त 'बेटर मॅन'ऐवजी 'बिहाइंड द वॉल' निवडा असे मी सुचवेन. 'बेटर मॅन'चे धृपद इतके गोड आहे, की सभागृह हात उंचावून ते प्रेमगीतासारखे गाऊ लागते आणि झोपेचे सोंग घेणारी ती बाई त्या कोलाहलात दिसेनाशी होते. चॅपमनच्या गाण्याला वाद्ये नाहीत, त्यामुळे कोणाला ताल धरता येत नाही, ऐकावेच लागते. गिटार खाली ठेवून एकट्याने गाणे तुम्हाला अवघड जाईल, पण करून पाहा. गाण्याआधी दोन वाक्यांत मराठीतून अर्थ सांगा आणि १८१ हा क्रमांक मागच्या पडद्यावर झळकवा. पाचशे मुलामुलींच्या सभागृहात अशा घरातून आलेले कोणीतरी नक्की बसलेले असते.

एक व्यवस्था मात्र गॅदरिंगच्या आणि संक्रांतीच्याही आधी करा. नाशिकमध्ये ताईच्या घराजवळ राहणारी, तिच्या विश्वासातली एखादी व्यक्ती शोधा; मैत्रीण, शेजारच्या काकू, कोणीही. रात्री ताईचा फोन आला, तर तुम्ही पुण्याहून निघून पोहोचेपर्यंत चार-पाच तास जातील, आणि त्या वेळात घंटा वाजवणारे माणूस तिथले असायला हवे. ताईशी एखादे साधे वाक्य ठरवून ठेवा, जे फोनवर दाजींसमोरही बोलता येईल, जसे 'आईची गोळी संपली का'. ते वाक्य ऐकताच तुम्ही ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करून ताईचा पूर्ण पत्ता सांगायचा, मग त्या शेजाऱ्यांना कळवायचे, आणि नंतर गाडी पकडायची. तिचा पत्ता, इमारतीचे नाव आणि मजला आजच लिहून जवळ ठेवा.